मोबाइल, टॉवर आणि वाय-फायचे रेडिएशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे रेडिएशन एक्स-रेसारखेच असते का?

नाही. फोन, टॉवर, वाय-फाय आणि ब्लूटूथ यांतून रेडिओ लहरी निघतात. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीत एका फोटॉनची, म्हणजे लहरीतल्या ऊर्जेच्या सर्वांत लहान पुडीची, ऊर्जा साधारण ०.००००१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. रेणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावायला (यालाच आयनीकरण म्हणतात) सुमारे १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, म्हणजे दहा लाख पटींनी जास्त. एक्स-रे थेट डीएनए तोडू शकतो, या लहरी तसे करू शकत नाहीत. टॉवरची शक्ती वाढवली तर फोटॉनांची संख्या वाढते, एकेका फोटॉनची ताकद नाही.

मात्र 'आयनीकरण होत नाही, म्हणजे निर्धोक' हे वाक्यही अर्धवट आहे. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो, त्यातही आयनीकरण होत नाही, पण चालू ओव्हनमध्ये कोणी हात घालत नाही. या लहरी शरीरातले पाणी आणि क्षार हलवून ऊब निर्माण करतात. किती ऊब चालेल, हा पहिला प्रश्न.

मग वाद कशावर आहे?

उबेवर नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत सगळ्या शरीराला किलोमागे सुमारे ४ वॅट ऊर्जा मिळाली, की तापमान जवळपास १ अंश सेल्सिअसने वाढते आणि वागणूक बिघडू लागते. अशा लहरींपासून संरक्षणाचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने, म्हणजे आयसीएनआयआरपीने, हा आकडा दहाने भागून या लहरींजवळ काम करणाऱ्यांसाठी ०.४ वॅट प्रति किलो ठरवला आणि पन्नासने भागून सामान्य लोकांसाठी ०.०८. इथपर्यंत फारसे कोणी भांडत नाही.

भांडण पुढे आहे. ऊब जाणवणारच नाही इतक्या कमी पातळीला वीस-तीस वर्षे रोज सामोरे गेलो तर काही होते का? काहींच्या मते होते आणि नियम फक्त उबेचा विचार करून बांधल्यामुळे ते निसटते. बहुसंख्य संशोधकांच्या मते तसा ठोस परिणाम माणसांत दिसलेला नाही आणि तो कोणत्या मार्गाने व्हावा हेही कोणाला दाखवता आलेले नाही. दोन्ही बाजूंचा पुरावा खाली येईलच.

भारतातली मर्यादा किती?

टॉवरची मर्यादा किलोमागे नव्हे, तर जागेवर पोचणाऱ्या लहरीच्या तीव्रतेत, म्हणजे चौरस मीटरमागे वॅटमध्ये मोजतात. २००८ मध्ये भारताने आयसीएनआयआरपीचे आकडे जसेच्या तसे घेतले. १ सप्टेंबर २०१२ पासून दूरसंचार विभागाने टॉवरसाठी ते एक दशांशावर आणले: ९०० मेगाहर्ट्झला ०.४५ वॅट प्रति चौरस मीटर, १८०० ला ०.९, आणि २१०० व त्यापुढे १. मधल्या फ्रिक्वेन्सीसाठी मेगाहर्ट्झच्या आकड्याला २००० ने भागायचे. एका टॉवरवर अनेक बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे पट्टे, असतात, म्हणून प्रत्येक बँडचे माप त्याच्या मर्यादेने भागून सगळ्यांची बेरीज करतात. ती १ च्या खाली राहिली पाहिजे.

एककांचा घोळ इथेच होतो. १ वॅट प्रति चौरस मीटर म्हणजे १००० मिलिवॅट प्रति चौरस मीटर आणि तेच १०० मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर. म्हणजे ०.४५ वॅट, ४५० मिलिवॅट आणि ४५ मायक्रोवॅट हे तिन्ही आकडे एकाच गोष्टीचे आहेत. '४५० निघाले, मर्यादा तर ०.४५ आहे, हजारपट!' असा हिशेब सोसायटीच्या सभेत ऐकू आला तर आधी एकक विचारा. जुन्या मीटरवर व्होल्ट प्रति मीटर असते. ०.४५ वॅट म्हणजे सुमारे १३ व्होल्ट प्रति मीटर.

टॉवर आमच्याच इमारतीच्या गच्चीवर आहे आणि आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. धोका आम्हालाच जास्त ना?

बहुतेक वेळा नाही. जास्त रेडिएशन समोरच्या इमारतीला मिळते.

अँटेना म्हणजे खांबाला लावलेली उभी लांबट पेटी. तिची किरणशलाका आडवी पसरट असते, पण वर-खाली फक्त सहा-सात अंशांची. ती जमिनीकडे काही अंश झुकवलेली असते. ३० मीटर उंचीवरची अँटेना ६ अंश झुकवली, तर शलाकेचा मध्य जमिनीला साधारण २८५ मीटरवर टेकतो. थेट खाली येते ती बाजूची फुटकळ गळती, आणि तिलाही काँक्रीटचा स्लॅब बराच अडवतो.

समोरच्या इमारतीत अँटेनाच्याच उंचीला खिडकी असेल, तर शलाका सरळ तिच्यावर येते. हिशेब असा: एका कॅरियरची, म्हणजे टॉवरवरून चालणाऱ्या एका प्रक्षेपणाची, शक्ती २० वॅट धरा. अँटेना ती एका दिशेला एकवटते, सुमारे ५० पट. म्हणजे समोर उभे राहणाऱ्याच्या दृष्टीने १००० वॅट. २० मीटरवर १००० भागिले (४ × ३.१४ × २० × २०), म्हणजे ०.२ वॅट प्रति चौरस मीटर. ५० मीटरवर ०.०३२. एक कॅरियर असेल तर दोन्ही ठिकाणे मर्यादेत आहेत. पण ९०० मेगाहर्ट्झचे असे चार कॅरियर एकाच दिशेला असतील, तर २० मीटरवर ०.८ होते आणि ०.४५ ची मर्यादा ओलांडली जाते. म्हणून 'टॉवर किती जवळ' एवढे विचारून भागत नाही. किती अँटेना, कोणत्या दिशेला, कोणत्या उंचीला, हे विचारावे लागते.

सरकारने सुरक्षित अंतर ठरवले आहे का?

हो. अँटेनाच्या थेट समोर आणि त्याच उंचीला असलेल्या इमारतीसाठी: एक अँटेना असेल तर २० मीटर, दोन असतील तर ३५, चारला ४५, सहाला ५५, आठला ६५, दहाला ७० आणि बारा असतील तर ७५ मीटर. अंतर दुप्पट केले की तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते, म्हणून बारा अँटेनांना बारापट अंतर लागत नाही.

हे तक्ते मागच्या आणि खालच्या बाजूला लागू नाहीत. शाळा-दवाखान्यांपासून अमुक मीटर लांब, असा वेगळा नियम दूरसंचार विभागाच्या मर्यादांत नाही. त्यांचे म्हणणे असे, की मर्यादा सगळ्यांसाठी सारखी आहे आणि ती पाळली की पुरे. काही राज्यांनी आणि पालिकांनी वेळोवेळी आपले वेगळे निर्बंध घातले, म्हणून पालिकेकडचा नियम स्वतंत्रपणे पाहावा.

मोजणी कशी करून घ्यायची?

'तरंग संचार' हे दूरसंचार विभागाचे पोर्टल २०१७ पासून चालू आहे. नकाशावर आपला भाग काढला की आसपासचे टॉवर, त्यावर कोणत्या कंपन्या आणि कोणते तंत्रज्ञान आहे आणि तो मर्यादेत असल्याचे प्रमाणपत्र आहे का, हे दिसते. एवढे पाहणे फुकट आहे. स्वतःच्या जागेची मोजणी हवी असेल तर पोर्टलवरूनच अर्ज करून ४००० रुपये शुल्क भरता येते. विभागाचे क्षेत्रीय कार्यालय माणूस आणि यंत्र पाठवते.

मोजणीच्या दिवशी चार गोष्टी बघा:

- मोजणी बाल्कनीत, खिडकीत आणि झोपायच्या खोलीत अशी तीन ठिकाणी मागा. काच आणि भिंत यांनी आकडा खूप बदलतो.
- यंत्र सरासरी दाखवते आहे की क्षणिक कमाल, ते विचारून लिहून घ्या. मर्यादा सहा मिनिटांच्या सरासरीवर असते.
- वेळ नोंदवा. संध्याकाळी टॉवरवर भार जास्त असतो, दुपारी तीनला कमी. नीट केलेल्या मोजणीत कमाल भाराचा हिशेब गणिताने धरतात, तो धरला का ते विचारा.
- घरातला राउटर आणि सगळ्यांचे फोन बंद करा, नाहीतर स्वतःचाच राउटर मोजून पैसे वाया जातात.

मर्यादा ओलांडलेली निघाली तर कंपनीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होतो आणि शक्ती कमी करावी लागते किंवा अँटेना हलवावी लागते. कंपन्या स्वतः प्रमाणपत्र देतात आणि विभाग दरवर्षी १० टक्क्यांपर्यंत टॉवर अचानक तपासतो. स्वतःच परीक्षा देऊन स्वतःच गुण घालण्याची ही पद्धत आहे, अशी टीका होते आणि ती रास्त आहे. म्हणूनच ४००० रुपयांची मोजणी शंभर अर्ज-विनंत्यांपेक्षा कामाची.

ऑनलाइन मिळणारा दोन-तीन हजारांचा मीटर घेतला तर?

खोलीतल्या कोणत्या कोपऱ्यात जास्त आणि कुठे कमी, हे कळायला चालेल. तक्रारीला पुरावा म्हणून नाही. स्वस्त मीटर सगळ्या फ्रिक्वेन्सी एकत्र गोळा करतो, त्यामुळे मर्यादा कोणत्या बँडची लावायची हेच कळत नाही. वर तो क्षणिक उंचवटे पकडून ठेवतो. राउटर सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी बोलला तरी काटा तिथेच अडकतो आणि लाल दिवा लागतो. मीटर हातात घट्ट धरला की हातामुळेही आकडा बदलतो.

टॉवर जास्त वाईट की फोन?

डोक्याला मिळणाऱ्या ऊर्जेचा विचार केला, तर फोन. त्यात बरोबरीच नाही. टॉवरकडून घरात चौरस मीटरमागे साधारण मिलिवॅटच्या किंवा त्याहून कमी पातळीचे काही येते, तेही सगळ्या शरीरावर पसरून. फोन कानाला लावला, की अँटेना कवटीपासून एक-दोन सेंटिमीटरवर असते. फोन पूर्ण शक्तीवर असेल, तर त्या क्षणी डोक्याच्या त्या बाजूला मिळणारी ऊर्जा टॉवरकडून मिळणाऱ्या ऊर्जेच्या हजारो पट असू शकते.

यातली गंमत लोकांच्या लक्षात येत नाही. फोन किती शक्तीने बोलेल हे टॉवर ठरवतो. रेंज चांगली असेल तर तो फोनला हळू बोलायला सांगतो, वाईट असेल तर ओरडायला. जुना २जी फोन ९०० मेगाहर्ट्झला क्षणिक २ वॅटपर्यंत जात असे, सरासरी पाव वॅट. ४जी फोनची कमाल ०.२ वॅट आहे आणि रेंज चांगली असली तर तो तिच्या शंभराव्या हिश्श्यावरही काम भागवतो. वस्तीतला टॉवर लांब पाठवला, की त्या वस्तीतले सगळे फोन जास्त शक्तीने बोलू लागतात. 'टॉवर नको, पण रेंज हवी' ही मागणी रेडिएशनच्याच हिशेबाने उलटी पडते.

फोनची सध्याची रेंज आकड्यात कशी बघायची?

अँड्रॉइडमध्ये सेटिंग, मग 'फोनबद्दल', मग सिमची स्थिती: तिथे सिग्नलची ताकद डीबीएम या एककात दिसते. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करा. आकडे ऋण असतात. ४जीत −८० उत्तम, −११० वाईट. मधला ३० चा फरक म्हणजे हजारपट. घरात −११० आणि बाल्कनीत −८५ असेल तर मोठे बोलणे बाल्कनीत करा, किंवा वाय-फाय कॉलिंग चालू करा.

एक गैरसमज: रेंज अजिबात नसताना फोन जास्तीत जास्त रेडिएशन फेकतो, असे म्हणतात. टॉवरच सापडत नसेल तर फोन बहुतांश वेळ नुसता ऐकत असतो. बॅटरी उतरते ती त्या सततच्या ऐकण्याने. खरी वाईट अवस्था एका काडीची. कसारा घाटात, लिफ्टमध्ये, तळघरातल्या पार्किंगमध्ये कॉल तुटत-तुटत चालतो, तेव्हा फोन पूर्ण जोराने ओरडत असतो.

एसएआर किती असावा? कमी एसएआरचा फोन घेतला तर सुरक्षित का?

एसएआर म्हणजे फोनची किती ऊर्जा शरीर किलोमागे शोषते, त्याचे माप. भारतात १ ग्रॅम ऊतींच्या सरासरीवर १.६ वॅट प्रति किलो ही कमाल मर्यादा आहे, १ सप्टेंबर २०१२ पासून. युरोपात १० ग्रॅमच्या सरासरीवर २ वॅट. दोन्ही आकड्यांची सरळ तुलना करू नका. आपल्या फोनचा एसएआर *#०७# डायल केल्यावर पडद्यावर येतो.

पण हा आकडा प्रयोगशाळेत फोन पूर्ण शक्तीवर ठेवून काढतात. १.२ एसएआरचा फोन चांगल्या रेंजमध्ये वापरला तर तो ०.६ एसएआरच्या, पण वाईट रेंजमधल्या फोनपेक्षा कमी देतो. म्हणून दुकानात एसएआरवरून फोन निवडण्यात फारसे हशील नाही.

तपासणीत फोन नापासही होतात. सप्टेंबर २०२३ मध्ये फ्रान्सच्या यंत्रणेने आयफोन १२ ची विक्री थांबवली: हातात किंवा खिशात असताना मर्यादा ४ वॅट प्रति किलो, माप निघाले ५.७४. कंपनीने सॉफ्टवेअर बदलून ते खाली आणले.

जागतिक आरोग्य संघटनेने याला कॅन्सरकारक म्हटले आहे ना?

'कदाचित कारक असू शकेल' असे म्हटले आहे. मे २०११ मध्ये ल्यों येथील आयएआरसी या तिच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ लहरींना २बी गटात टाकले. पुरावा मर्यादित आहे, पण नाही म्हणता येत नाही, असा तो गट. तंबाखू, दारू आणि सूर्याचे अतिनील किरण पहिल्या गटात आहेत. या गटांतून पुराव्याची खात्री किती ते कळते, धोका किती मोठा ते कळत नाही.

'२बी मध्ये लोणचेही आहे' असा विनोद इंटरनेटवर फिरतो. त्यात पूर्व आशियातल्या पारंपरिक आंबवलेल्या भाज्या आहेत, आपले कैरीचे लोणचे नव्हे. हा विनोद फॉरवर्ड करून वाद जिंकल्यासारखे वाटते, पण त्याने काही सिद्ध होत नाही. आयएआरसीच्याच सल्लागार गटाने २०१९ मध्ये या विषयाचा फेरविचार प्राधान्याने करा, अशी शिफारस केली होती.

माणसांवरच्या अभ्यासांत काय निघाले?

वादाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

सर्वांत जास्त उद्धृत होतो तो 'इंटरफोन', १३ देशांतला अभ्यास, निकाल २०१० मध्ये. मेंदूच्या ग्लायोमा गाठीचे २७०८ रुग्ण आणि तुलनेसाठी निरोगी लोक घेऊन त्यांना विचारले, फोन किती वापरलात? एकूण निकाल चक्रावणारा: न वापरणाऱ्यांचा धोका १ धरला, तर नियमित फोन वापरणाऱ्यांत तो त्याहून कमी, ०.८१. फोनने कॅन्सर टळतो असे कोणीच म्हणणार नाही, म्हणजे नमुन्यातच काही खोट होती. बहुधा फोन न वापरणाऱ्या निरोगी लोकांनी सहभाग कमी घेतला. आणि सर्वांत जास्त, एकूण १६४० तासांच्या वर बोलणाऱ्या गटात धोका १.४० निघाला. विरोधक हा १.४० चा आकडा दाखवतात, समर्थक ०.८१ चा. दोघेही एकाच तक्त्यातला सोयीचा रकाना वाचतात. त्या वरच्या गटात काही रुग्णांनी दिवसाला बारा तासांहून जास्त बोललो असे सांगितले होते. आजारी माणूस कारण शोधताना मागचे वाढवून आठवतो, हे या पद्धतीचे जुने दुखणे. स्वीडनमध्ये लेनार्ट हार्डेल यांच्या गटाने याच पद्धतीने याहून मोठे धोके दाखवले आणि आयएआरसीने २०११ मध्ये हे दोन्ही विचारात घेतले.

आठवणीवर विसंबायचे नसेल तर लोक निरोगी असतानाच नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे पाहत राहायचे. डेन्मार्कमध्ये ३,५८,४०३ वर्गणीदारांची नोंद कर्करोगाच्या नोंदणीशी ताडली, २०११ मध्ये वाढ दिसली नाही. त्यातही त्रुटी होती: कंपनीच्या नावावरचे फोन वापरणारे, म्हणजे त्या काळातले सर्वांत जास्त बोलणारे, न वापरणाऱ्यांत मोजले गेले. ब्रिटनमधल्या 'मिलियन विमेन' अभ्यासात सुमारे ७,७६,००० स्त्रिया, निकाल २०२२, वाढ नाही. 'कॉसमॉस' या युरोपीय अभ्यासात २,६४,५७४ जण, निकाल २०२४, ग्लायोमात वाढ नाही. पाठपुरावा सरासरी सात वर्षांचा, पण त्यातले बरेच जण आधीपासून पंधरा वर्षांहून जास्त फोन वापरत होते.

२०२४ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने करून घेतलेल्या पद्धतशीर आढाव्यात, ऑस्ट्रेलियाच्या केन कॅरिपिडिस यांच्या नेतृत्वाखाली, २२ देशांतले ६३ शोधनिबंध तपासले गेले. निष्कर्ष: फोन आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसत नाही, खात्री मध्यम. दुसरा, साधा पुरावा असा की नॉर्डिक देश, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात मोबाइल घराघरांत पोचून दशके लोटली तरी ग्लायोमाचे प्रमाण त्या मानाने वाढले नाही.

मग उंदरांना कर्करोग झाला, ते खोटे का?

खोटे नाही. फोनच्या बाजूने बोलणारे हा भाग घाईघाईत उरकतात, म्हणून इथे थांबू या.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने तीन कोटी डॉलर खर्चून अभ्यास केला, अंतिम अहवाल नोव्हेंबर २०१८. मोठ्या उंदरांच्या सगळ्या शरीराला किलोमागे १.५, ३ आणि ६ वॅट, दहा मिनिटे चालू, दहा मिनिटे बंद, अशी दिवसाला नऊ तास, दोन वर्षे. नरांमध्ये हृदयाच्या मज्जातंतूंवर श्वानोमा नावाच्या दुर्मीळ गाठी वाढल्या. 'स्पष्ट पुरावा' हे अहवालाचेच शब्द. माद्यांमध्ये तसे दिसले नाही. ज्यांना रेडिएशन दिले ते नर न दिलेल्यांपेक्षा जास्त जगले, हेही त्याच अहवालात आहे. लोकांसाठीच्या सर्वांगीण मर्यादेच्या, ०.०८ च्या, तुलनेत इथली सर्वांत खालची मात्रा जवळपास १९ पट आहे.

त्याच वर्षी इटलीतल्या रामाझिनी संस्थेने २४४८ उंदरांना टॉवरसारख्या, कमी मात्रेच्या लहरी दिवसाला १९ तास दिल्या आणि सर्वांत वरच्या, ५० व्होल्ट प्रति मीटरच्या गटात, नरांमध्ये त्याच प्रकारच्या गाठी वाढलेल्या सांगितल्या. दोन स्वतंत्र प्रयोगशाळांत एकच दुर्मीळ गाठ दिसणे योगायोग म्हणून झटकता येत नाही. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठीच झालेल्या प्राण्यांवरच्या आढाव्यातही नर उंदरांतील हृदयाचे श्वानोमा आणि मेंदूचे ग्लायोमा यांबाबतचा पुरावा उच्च खात्रीचा ठरवला आहे.

माणसांचा पुरावा एकीकडे, उंदरांचा दुसरीकडे. हा पेच अजून सुटलेला नाही. आमचे मत विचाराल तर कोट्यवधी माणसांच्या तीस वर्षांच्या नोंदींचे पारडे जड आहे. पण प्रश्न निकालात निघाला असे म्हणणारा माणूस प्राण्यांवरचा आढावा वाचत नाही.

लहान मुलांचे काय?

'मोबी-किड्स' या अभ्यासात १४ देश होते, त्यांत भारतही. १० ते २४ वर्षांच्या, मेंदूत गाठ झालेल्या ८९९ जणांची तुलना केली, फोनमुळे धोका वाढल्याचे दिसले नाही. तरी मुलांची कवटी पातळ असते, मेंदूच्या काही भागांना मोठ्यांपेक्षा जास्त ऊर्जा मिळते आणि त्यांच्यापुढे वापराची सगळी वर्षे पडलेली आहेत. स्पीकरवर बोलायची सवय लावायला काही खर्च येत नाही.

मुलांच्या बाबतीत झोप, डोळे आणि मैदानावर न जाणे ही नुकसाने आजच दिसणारी आहेत. त्यांचा रेडिएशनशी संबंध नाही.

५जी वेगळे आहे का?

भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाले. मुख्य काम ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालते, ७०० मेगाहर्ट्झही वापरतात. हे बँड जुन्या ४जी आणि वाय-फायच्या शेजारचेच. २६ गिगाहर्ट्झचा बँडही लिलावात गेला आहे. तिथली लहर त्वचेत एखादा मिलिमीटरच शिरते, मेंदूपर्यंत पोचत नाही. म्हणून तिथे त्वचा आणि डोळे यांचा विचार करतात. या वरच्या बँडवर दीर्घकालीन अभ्यास कमी आहेत, हे खरे.

नवीन आहे ती अँटेना. ५जीची अँटेना शलाका वापरणाऱ्याकडे वळवते आणि काम संपले की काढून घेते. त्यामुळे मोजणीत एका क्षणी आकडा मोठा आणि पुढच्या क्षणी नगण्य असे दिसते, सरासरी काढणे जास्त महत्त्वाचे ठरते.

अभिनेत्री जुही चावला यांची ५जीविरोधी याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये फेटाळली आणि २० लाखांचा दंड लावला, तो नंतर २ लाखांवर आणला. त्या निकालाने विज्ञानाचा प्रश्न सुटला नाही, याचिका नीट नव्हती एवढेच ठरले.

रात्री वाय-फाय बंद करावे का?

केले तर वीज वाचेल. राउटरची शक्ती साधारण ०.१ वॅट. तो सतत ओरडत राहिला असे धरले तरी १ मीटरवर ०.०१ वॅट प्रति चौरस मीटरच्या आसपास येते, म्हणजे २०१२ च्या मर्यादेच्या शंभराव्या हिश्श्याजवळ. प्रत्यक्षात तो थोडा वेळच बोलतो. ३ मीटरवर हेही नवव्या हिश्श्यावर येते. राउटर उशाशी ठेवू नका, एवढे पुरे. फ्रान्सने २०१५ च्या कायद्याने तीन वर्षांखालील मुलांच्या पाळणाघरांत वाय-फायला बंदी घातली, ती सावधगिरी म्हणून.

टॉवर आल्यापासून डोके दुखते, झोप लागत नाही. हे मनाचे खेळ आहेत का?

दुखणे खरे आहे, त्याला नावे ठेवू नयेत. प्रश्न कारणाचा आहे. ब्रिटनच्या जेम्स रुबिन यांनी २०१० पर्यंतचे ४६ प्रयोग आणि ११७५ लोक एकत्र तपासले. लहर चालू आहे की बंद हे सांगितले नाही, तर स्वतःला संवेदनशील म्हणवणाऱ्यांनाही ते ओळखता आले नाही. चालू आहे असे खोटेच सांगितले तरी त्रास सुरू झाला. अपेक्षेनेही शरीर दुखते.

टॉवरसोबत आणखी काही येते हेही बघा. गच्चीवरचा जनरेटर, त्याची कंपने, वातानुकूलनाच्या पंख्याची घरघर, डिझेलचा धूर. झोप उडवायला ही पुरेशी आहेत, आणि त्यांची तक्रार करता येते व ती टिकते. सतत डोकेदुखी असेल तर रक्तदाब, डोळे आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.

चिमण्या टॉवरमुळे गेल्या का?

पुरावा नाही. पक्षिनिरीक्षकांच्या लाखो नोंदींवर आधारलेल्या २०२० च्या राष्ट्रीय अहवालात देशभरातली चिमण्यांची संख्या पंचवीस वर्षांत साधारण स्थिर दिसली, घट मुंबईसह सहा महानगरांत. खेड्यापाड्यांतही टॉवर आहेत. पिल्लांना लागणारे किडे आणि घरटे करायला कोनाडे नसणे, ही कारणे जास्त पटतात.

फोनला लावायची अँटी-रेडिएशन चिप?

घेऊ नका. तिने खरोखरच लहर अडवली तर फोन रेंज टिकवायला शक्ती वाढवतो. अडवली नाही तर तो नुसता स्टिकर. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी गायीच्या शेणाची चिप रेडिएशन कमी करते म्हणून सादर केली. शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला. एसएआरच्या मोजणीत चिपसह आणि चिपशिवाय असे दोन आकडे दाखवा, एवढाच प्रश्न कोणत्याही विक्रेत्याला विचारावा.

सोसायटीत किंवा गावात टॉवर नको असेल तर?

'रेडिएशनने कॅन्सर होतो' या एकाच मुद्द्यावर न्यायालयात फारसे टिकत नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीचा असा ठराव मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला, शास्त्रीय आधार नाही म्हणून. उलट दिशेचे उदाहरणही आहे: २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेरमधल्या एका कर्करुग्णाच्या अर्जावर एक टॉवर बंद करायला लावला. पण तो सर्वसाधारण नियम झाला नाही.

टिकणारे मुद्दे वेगळे आहेत. जुन्या इमारतीवर टॉवरचा भार चालेल का, याचा संरचना अभियंत्याचा अहवाल. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला भोके पाडली का. जनरेटरचा आवाज. सर्वसाधारण सभेचा रीतसर ठराव आणि वरच्या मजल्यावरच्यांची संमती. भाडे कोणाच्या खात्यात. पालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेले मार्गाधिकार नियम, म्हणजे टॉवर आणि केबलसाठी जागा वापरण्याच्या परवानगीचे नियम. यांतल्या एखाद्या कागदाचा पत्ता नसेल तर तिथे बोट ठेवा.

पेसमेकर असेल तर?

फोन पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवा, विरुद्ध बाजूच्या कानाला लावा, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवू नका. पाठीला चुंबक असलेल्या फोनांबाबत जास्त जपा. त्यांचा जास्तीचा धोका चुंबकाचा आहे.

काळजी घ्यायचीच तर काय करू?

अंतर वाढवा. स्पीकर किंवा वायरचा इअरफोन वापरून फोन डोक्यापासून २०-३० सेंटिमीटर दूर गेला, की डोक्याची मात्रा खूपच उतरते. ब्लूटूथ इअरफोनची शक्ती काही मिलिवॅट असते, कानाला फोन लावण्यापेक्षा कितीतरी कमी. एका काडीवर लांब गप्पा मारू नका, मेसेज करा. झोपताना फोन उशीखाली नको. तिथे तापून बॅटरीचा धोकाही असतो. मोठी फाइल पाठवताना फोन मांडीवर किंवा खिशात न ठेवता टेबलावर ठेवा.

'तुमच्या शेतात टॉवर बसवतो, महिना पन्नास हजार भाडे, आधी नोंदणी शुल्क भरा' असा फोन आला. ट्रायची मंजुरी आहे म्हणतात.

फसवणूक आहे. टॉवरसाठी ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, कोणालाही ना हरकत पत्र देत नाही आणि खरी कंपनी जागा घेताना मालकाकडून पैसे मागत नाही, भाडे तीच देते. पत्रावर अशोकस्तंभ आणि शिक्का असला तरी तेच. पैसे भरले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. पहिल्या काही तासांत रक्कम बँकेत अडवली जाण्याची शक्यता असते.